तीन पायऱ्यांखालची माती

मला बघायला आलेल्या पहिल्या मंडळींना आईने सांगितलं होतं, "मुलगी बी.एस्सी. आहे, केमिस्ट्रीवाली. प्रयोगशाळेत असते." इथपर्यंत सगळं ठीक चाललं होतं. मग मुलाच्या आत्याने विचारलं, "प्रयोगशाळेत म्हणजे नेमकं काय करते?" आईने माझ्याकडे पाहिलं. मी आपलं खरं तेच सांगितलं, "बंद पडलेल्या कारखान्यांच्या जागेत भोकं पाडते, आतली माती काढते आणि हुंगते." पोह्यांच्या बशा अर्ध्यावरच राहिल्या. पुढे ज्यांच्याशी लग्न झालं त्यांनी पहिल्या भेटीत "कशाकशाचा वास येतो?" असं मनापासून विचारलं, आणि मी तिथेच होकार दिला.

तर हे माझं काम. महाडच्या औद्योगिक वसाहतीत नव्वदच्या दशकात एकीकडे नवे कारखाने उभे राहत होते आणि दुसरीकडे काही जुने बंद पडत होते. बंद पडलेली जागा कुणीतरी घ्यायचं, तिथे दुसरं काही बांधायचं ठरवायचं. घेणारा शहाणा असला, किंवा त्याची बँक घाबरट असली, की प्रश्न यायचा: या जमिनीच्या पोटात आधीच्यांनी काय काय सोडलंय? त्याचं उत्तर शोधायला आमच्या प्रयोगशाळेला बोलावणं यायचं. प्रयोगशाळा म्हणजे साहेब, मी, एक फ्रिज आणि धोंडूमामा.

धोंडूमामा पोलादपूर तालुक्यातले, उमरठजवळच्या एका वाडीतले. मूळचे विहिरी खणणारे. आमच्याकडे ते गिरमिट चालवायचे. सुताराकडे असतं तेच गिरमिट, फक्त माणसाच्या उंचीचं. आडव्या दांड्याला धरून फिरवत फिरवत जमिनीत घालायचं, फूटभर गेलं की वर ओढायचं. पात्यात अडकलेली माती काचेच्या बाटलीत भरायची, बाटलीवर जागा आणि खोली लिहायची, बाटली बर्फाच्या डब्यात ठेवायची. मग पुन्हा त्याच भोकात आणखी खाली. खरी तपासणी मुंबईच्या मोठ्या प्रयोगशाळेत व्हायची आणि उत्तर यायला काही आठवडे जायचे. तोवर आमचा आधार म्हणजे माझं नाक आणि मामांचे हात. माती हुंगू नये असं पुस्तकात लिहिलेलं असतं आणि ते बरोबरच आहे. मी दुसऱ्यांना तेच बजावायचे आणि स्वतः मात्र हुंगायचे.

गिऱ्हाइकं एकेक नमुनेदार. बंद कारखान्याच्या एका मॅनेजरसाहेबांनी आमच्यासाठी हिरवळीवर वेताच्या खुर्च्या मांडल्या होत्या. चहा, बिस्किटं, वर गुलाबाची रोपं. "इथे पहिल्यापासून बागच होती हो," ते म्हणाले. हिरवळ सगळीकडे तजेलदार होती, फक्त मधोमध एका लांबट चौकोनात पिवळी पडली होती, आणि त्या चौकोनाच्या कडा आखून काढाव्यात इतक्या सरळ होत्या. मामांनी चहाचा शेवटचा घोट घेतला आणि अगदी नम्रपणे विचारलं, "सायब, बागेला खड्ड्याचा आकार कसा काय आला?" मॅनेजरसाहेबांची बशी खाली ठेवताना वाजली. हिरवळीखाली दोन फुटांवर कारखान्याचा सगळा गाळ पुरलेला निघाला. तो उपसून जागा नीट झाली, आणि गुलाबाची रोपं मात्र मामांनी मागून घरी नेली.

आमचे साहेब अबोल होते, पण एक गोष्ट त्यांनी मला पहिल्या दिवशी सांगितली होती. "जमीन उकरण्याआधी माणसं विचारा. जिथे जो राबला त्याला विचारा. मालकाला शेवटी." हे मी पुढे अनेकांना शिकवलं. ज्या एका ठिकाणी मी ते स्वतः पाळलं नाही, त्या जागेची ही गोष्ट आहे.

इस्माईलचाचा महाडचेच. वीस वर्षं आखातात टँकर चालवून कायमचे परत आले होते. शहरातून वसाहतीकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्यांनी एक मोकळी जागा घेतली. पाळीच्या कामगारांसाठी आणि ड्रायव्हर लोकांसाठी खाली खानावळ, वर स्वतःचं घर, आणि मागच्या कोपऱ्यात विहीर, असा बेत होता. विहिरीचं त्यांना भारी वेड. "बीस साल मी तिकडं मशीनमधलं पाणी प्यालो, बाई," ते मला म्हणाले. "खारं पाणी गोड करून देतात. तहान जाते, पन पाणी प्याल्यासारखं वाटत नाय. आता मला माजी विहीर पायजे. गिऱ्हाइकाला पयला तांब्या विहिरीचा, मंग जेवन."

त्या जागेत आधी ड्रम धुण्याचा धंदा होता. कारखान्यांची रिकामी पिंपं तिथे यायची, बायका ती धुवायच्या, मग ती विकली जायची. आपल्याकडे अर्ध्या तालुक्याच्या मोरीत पाणी साठवायला तीच पिंपं असतात. ती कोण धुतं हे कुणी विचारत नाही. पिंपांच्या तळाशी उरलेलं रसायन धुतल्या पाण्याबरोबर जमिनीत जायचं. म्हणून चाचांनी, कुणी सांगितलेलं नसताना, स्वतःहून आम्हाला बोलावलं. असं गिऱ्हाईक मी आयुष्यात दुसरं पाहिलं नाही.

मे महिना संपत आला होता. पावसाच्या आत काम उरकायचं होतं, आणि माझ्या हाताशी आणखी दोन जागा होत्या. ड्रमवाला मालक वारला होता. त्याच्या मुलाला मी फोनवर विचारलं, तर तो म्हणाला, "पप्पा ड्रम नुसते ठेवायचे." तिथे राबलेल्या बायका कुठे गेल्या ते शोधायला मला वेळ नव्हता. आम्ही गिरमिट लावलं. वर वीतभर काळपट माती आली आणि तिच्याखाली लाल मुरूम लागला. आमच्या कामात मुरूम लागला म्हणजे मूळ जमीन लागली, घाण सहसा त्याच्या वरच राहते. नियमाप्रमाणे सहा फूट जायला हवं होतं. गिरमिट त्या मुरमात नीट फिरेना, ऊन डोक्यावर आलेलं.

मामांनी मुरमाचा खडा बोटांत चुरला. "बाई, ह्यो मुरूम हितला वाटत नाय. आनलेला वाटतो."

"मामा," मी म्हटलं, "मुरूम म्हणजे मुरूम."

पाच ठिकाणी भोकं पाडली आणि पाचही दीड फुटावर थांबवली. मुंबईहून उत्तरं आली ती वरची माती खराब, मुरूम स्वच्छ अशी. मी अहवाल लिहिला: वरची वीतभर माती काढावी, बाकी जमीन निर्धोक, विहिरीस हरकत नाही. खाली माझी झोकदार सही केली. चाचांनी तो कागद प्लास्टिकमध्ये घालून ठेवला.

पाऊस झाला, भातं कापून झाली आणि धोंडूमामांच्या मुलीचा साखरपुडा ठरला. मी पोलादपूरला एसटीने गेले आणि तिथून जीपने वाडीवर. अंगणात पंगत बसली. माझ्या शेजारी मामांची चुलत बहीण बसली होती, सकूआक्का. साठीच्या पुढची, बारीक, बोलकी. वाढून झालं, सगळ्यांनी हात घातला, आणि मी पाहिलं की आक्काने घास घ्यायच्या आधी बोटं नाकाशी नेली. एका हुंगणाऱ्या बाईच्या नजरेतून हे सुटणं शक्य नव्हतं.

मी थट्टेने विचारलं, "आक्का, भाजी हुंगताय की हात?"

"हात गो," ती हसली. "सवय हाय. म्हाडला ड्रम धुवायला होते ना मी, आठ वर्सं. हाताचा वास जाय नाय. साबन लाव, राख लाव, चिंच लाव. रंग बी बसायचा. घरी आले का पोरं म्हनायची, आई, तू भाकर थापू नको, वास येतो." तिने हात पुढे केला. नखांच्या मुळाशी जांभळट तपकिरी रेघ होती. "काम सोडून किती वर्सं झाली, पन हात आदी नाकाला जातो, मंग तोंडाला."

मी विचारलं, "कुठल्या आवारात होतात?"

"पत्र्याच्या गेटाचं नाय का, वसाहतीच्या रस्त्याला? गेटातनं तीन पायऱ्या उतरून खाली जायाचं. वला ड्रम घेऊन त्या पायऱ्या चढायच्या म्हंजे जीव जायाचा."

माझा घास हातातच राहिला. मी त्या गेटातून कितीतरी वेळा आत गेले होते. एकही पायरी उतरले नव्हते. रस्ता आणि आवार एका पातळीत होते.

"पायऱ्या आता नाहीत तिथे," मी म्हटलं.

"नसतील. एका पुरानंतर मालकानं मुरमाच्या गाड्या वतून समदं उचलून घेतलं. मंग वर्सा-दोन वर्सांत धंदाच बंद केला."

ज्या गावात पावसाळ्यात पाणी बाजारपेठेत आलं का असं नाही, तर किती आलं असं विचारतात, त्या गावात मी जन्मले. महाडमध्ये प्रत्येक जण आधी भराव टाकतो आणि मग बांधतो. शेजाऱ्याने फूटभर उचललं की आपण दीड फूट. आमच्याच घरापुढच्या चार पायऱ्यांपैकी दोन आज जमिनीत आहेत. लहानपणी त्यांच्यावर बसून मी सागरगोटे खेळले आहे. बाहेरचा माणूस भरावाच्या मुरमाला फसला असता तर समजण्यासारखं होतं. मी फसले, आणि तेही मामांनी सांगितलं असताना. चाचांच्या जागेची मूळ जमीन त्या मुरमाखाली होती. वीतभर काळी माती ही शेवटच्या दोन वर्षांची घाण होती. त्याआधीची सगळी खाली झाकलेली होती, आणि मी तिला निर्धोक म्हटलं होतं.

मामा खीर वाढत आले होते. त्यांनी आक्काचं बोलणं ऐकलं असणार. ती ड्रम धुवायची हे त्यांना ठाऊक होतं, कुठल्या आवारात ते त्यांनी कधी विचारलं नव्हतं. त्यांनी माझ्या पानात एक डाव जास्त वाढला आणि पुढे गेले. चाचा येत्या शुक्रवारी विहिरीला सुरुवात करणार होते. तो दिवस बुधवार होता.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या पहिल्या एसटीने मी आणि मामा महाडला आलो. घरचं कार्य बाजूला ठेवून मामा प्रयोगशाळेतून गिरमिट घेऊन माझ्याबरोबर आले, हे मी कधी विसरणार नाही. चाचा जागेवरच होते. मागच्या कोपऱ्यात त्यांनी चुन्याच्या फक्कीने विहिरीचा गोल आखून घेतला होता आणि त्याच्याकडे बघत ते कौतुकाने उभे होते.

मी म्हटलं, "चाचा, उद्या खणू नका. माझा अहवाल चुकलाय."

"किती चुकला?"

"तीन पायऱ्या."

त्यांना कळेना. मी सगळं सांगितलं. मामांनी आधी पहारीने मुरूम फोडला आणि मग गिरमिट लावलं. दोन फुटांच्या खाली ते एकदम लोण्यात गेल्यासारखं आत गेलं. वर आली ती काळी, जांभळी झाक असलेली चिकट माती. बुटाच्या पॉलिशसारखा गोडसर वास सुटला. चाचांनी वाकून नाक पुढे केलं तशी मी त्यांचा हात मागे ओढला. "तुम्ही हुंगू नका."

"तुमी हुंगता ना?"

"माझं सोडा."

ते चिऱ्यांच्या ढिगावर बसले. मग म्हणाले, "बाई, मी तुमच्या सहीवर भरोसा ठेवला. हितलं पाणी माजी नात प्याली असती."

मी रडले. कामावर रडायचं नाही हा माझा नियम होता आणि तो तेवढ्या एकदाच मोडला. मला स्वतःची विलक्षण लाज वाटत होती. चाचा उठले, पाण्याची बाटली माझ्यासमोर धरली. "रडू नका. पाणी प्यायच्या आदी सांगितलंत. मागनं सांगनारे मी लय बगितले. आता एकच सांगा. ही जागा साफ होईल का नाय? नाय तर नाय म्हना, मी ऐकून घेन."

"होईल. पण सगळं उपसावं लागेल आणि एक पावसाळा थांबावं लागेल."

त्यांनी फक्कीच्या गोलावरून पाय फिरवला आणि तो पुसून टाकला. "बीस गेली. आनिक एक."

साहेबांसमोर मी दुसरा अहवाल ठेवला. पहिलीच ओळ होती: याआधी दिलेला अहवाल चुकीचा आहे. "असं कुणी लिहितं का?" ते म्हणाले. "सुधारित अहवाल म्हणायचं." मी म्हटलं, सुधारित म्हटलं तर लोक पहिलाही खरा धरतील. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला, आणि माझ्या सहीशेजारी स्वतःची सही केली. उपसण्याच्या खर्चाचा बराच भार प्रयोगशाळेने उचलला, हे मला फार नंतर कळलं.

त्या हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात आम्ही ती जमीन उपसली. जमीन साफ करायची म्हणजे जादू काही नसते. वरचा स्वच्छ मुरूम एका बाजूला, काळी माती दुसऱ्या बाजूला, ती जाड प्लास्टिकमध्ये बांधायची, ताडपत्री टाकून गाड्या घातक कचऱ्याच्या पक्क्या खड्ड्याकडे रवाना करायच्या, आणि प्रत्येक थरानंतर नमुने घेऊन उत्तराची वाट पाहायची. माणसांना हातमोजे घाला, तोंडाला पट्टी बांधा म्हणून ओरडून माझा घसा बसायचा. चाचा रोज येऊन बसायचे आणि एखाद्याने पट्टी खाली ओढली की माझ्या आधी तेच ओरडायचे.

गेटापाशी खणताना एका दुपारी पहार दगडावर वाजली. मामांनी हाताने मुरूम बाजूला केला. घडीव काळ्या दगडाच्या पायऱ्या होत्या. एक, दोन, तीन. आम्ही तिघंही बघत राहिलो. "आक्का खोटं नाय बोलत," मामा म्हणाले.

पावसाळ्यात त्या खड्ड्यात साठलेलं पाणी मी चार वेळा तपासलं. तळाची माती पुन्हा तपासली. या वेळी सहा फूट म्हणजे सहा फूट, एक बोट कमी नाही. सगळं नीट आल्यावर खड्डा भरायला नव्या मुरमाच्या गाड्या आल्या. मामा पहिल्या गाडीजवळ गेले, खडा चुरला, वास घेतला, आणि तोंड गंभीर ठेवून मला म्हणाले, "बाई, मुरूम म्हंजे मुरूम ना?" वर्षभर त्यांनी हे वाक्य पोटात ठेवलं होतं. चाचा इतके हसले की त्यांना ठसका लागला. त्यानंतर मामा निवृत्त होईपर्यंत हे वाक्य मला दर महिन्याला एकदा तरी ऐकावं लागलं, आणि मी ते ऐकून घेतलं.

विहीर पुढच्या उन्हाळ्याआधी झाली. पुराचं पाणी आत जाऊ नये म्हणून चाचांनी काठ चांगला उंच बांधला आणि त्यावर चढायला तेच तीन घडीव दगड, धुऊन, घासून, बसवले. पाणी मी तीन वेळा तपासलं, एकदा मुंबईत आणि दोनदा आमच्याकडे. मग चाचांनी दिवस ठरवला. मामांना म्हणाले, "तुमच्या बहिनीला आना. तिनं सांगितलं म्हनून वाचलो."

सकूआक्का आली, चांगलं लुगडं नेसून. चाचांच्या नातीने नारळ आणला, चाचांनी दुवा मागितली. पहिला तांब्या त्यांनी माझ्यापुढे धरला. "पयलं तुमी, बाई." सगळे आकडे मला पाठ होते, तरी मी ते मनात पुन्हा एकदा म्हटले. कागदावर निर्धोक लिहिताना कधी म्हटले नव्हते. मी प्याले. गार, किंचित चिऱ्याची चव असलेलं, पाण्यासारखं पाणी होतं.

दुसरा तांब्या आक्काला दिला. ती तीन दगड चढून काठावर आली होती, पायाखाली बघत, एकेका दगडावर थांबत. तिने तांब्या घेतला, पण तोंडाला लावला नाही. चाचांना विचारलं, "मी हात धुवू का हितं?"

"धुवा की. तुमचीच विहीर."

मी पंचवीसेक वर्षं जमिनींवर अहवाल लिहिले. कुठल्या थरात काय मुरलंय, किती खोल गेलंय, काढता येईल का. ज्या हातांनी ती पिंपं धुतली त्या हातांवर मी एकही ओळ लिहिलेली नाही, कारण ते कुणी विचारलं नाही आणि मीही स्वतःहून लिहिलं नाही. याचं मला आजही वाईट वाटतं.

आक्काने काठाच्या बाहेरच्या बाजूला वाकून हात धुतले. सावकाश, मनगटापर्यंत, एकेक बोट. नखांच्या मुळाशी असलेली जांभळट रेघ होती तशीच राहिली. मग सवयीप्रमाणे हात नाकाशी नेले. थांबली. पुन्हा नेले. आणि ओले तळवे माझ्यापुढे धरले.

"तू हुंग गो. तुजं नाक हुशार हाय."

मी तिचे दोन्ही हात माझ्या हातांत घेतले आणि हुंगले, नीट, कामावर असल्यासारखे.

"काहीच वास नाही, आक्का," मी म्हटलं. "नुसतं पाणी."

तिने पदराला हात पुसले, चाचांच्या नातीच्या हातातलं खोबरं घेतलं, आणि या वेळी सरळ तोंडात टाकलं.